लेख चांगला आहे, मग उघडत का नाहीत? शीर्षकाबद्दलच्या एका प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही बडोद्याचे, घरात मराठी, आणि गेलं वर्षभर शहराबद्दल मराठीत लिहीत आहात. तांबेकर वाड्यावर तुम्ही मन लावून लेख लिहिलात, जुने संदर्भ काढलेत, वाड्यात जाऊन भित्तिचित्रं नीट पाहून आलात. शीर्षक दिलंत ‘बडोद्याचा ऐतिहासिक वारसा (भाग ७) : तांबेकर वाडा – एक मागोवा’. तो लेख जवळच्या चार माणसांपलीकडे कोणी उघडला नाही. मग ‘बडोद्याची सेवउसळ आणि पुण्याची मिसळ : फरक नेमका कुठे?’ हे छोटं टिपण बसल्या बैठकीला लिहून टाकलंत, आणि ते फिरत फिरत नातेवाइकांच्या ग्रुपवरून तुमच्याकडेच परत आलं. तुम्ही विचारता, लोक खरोखर नुसतं शीर्षक बघून ठरवतात का? आणि तसं असेल, तर चटकदार शीर्षकं देऊन आपल्या लेखनाची किंमत आपणच कमी करायची का?

मी बरीच वर्षं मराठी पुरवण्यांमध्ये मथळे लावले आहेत, आणि आता फोनवर वाचल्या जाणाऱ्या लेखांसाठी तेच करते. वाढले बडोद्यातच, दांडिया बाजारात. म्हणून तुमचे वाचक मला बऱ्यापैकी माहीत आहेत आणि तुमची तळमळही कळते. पण तुमच्या प्रश्नात एक गृहीत दडलं आहे, ते मला मान्य नाही. शीर्षक एक तर प्रामाणिक आणि रुक्ष असतं, नाही तर चटकदार आणि खोटं, असं तुम्ही धरून चालला आहात. तुमचं वाड्याचं शीर्षक मला प्रामाणिक वाटत नाही. त्यात खोटं काही नाही, हे खरं. पण लेखात जे सर्वांत मोलाचं आहे, ते त्याने झाकून ठेवलं आहे. खरा प्रश्न तिथे आहे.

पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: हो, शीर्षक बघूनच ठरवतात. दुसरं करणार काय? लेख उघडण्याआधी वाचकापुढे शीर्षक असतं, फार तर एक चित्र असतं, आणि लेख पाठवणाऱ्याचं नाव असतं. तुमचे सहा महिन्यांचे कष्ट त्या क्षणी त्याला दिसतच नाहीत. २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठ आणि फ्रान्सच्या एका संस्थेतल्या संशोधकांनी ट्विटरवर पसरलेल्या बातम्यांच्या दुव्यांचा अभ्यास केला. जवळपास ५९ टक्के दुवे कोणीही न उघडता नुसतेच पुढे पाठवले गेले होते. म्हणजे बहुतेकांच्या दृष्टीने शीर्षक हाच लेख होता. ऑस्ट्रेलियात मानसशास्त्रज्ञ उलरिख एकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की शीर्षक किंचित दिशाभूल करणारं असेल, तर पूर्ण लेख वाचलेल्या माणसाच्या मनातही नंतर तोच कल उरतो. शीर्षक माणसाला आत आणतं आणि आत आल्यावर त्याने काय बघायचं, तेही ठरवतं. म्हणून लेख संपल्यावर उरलेल्या पाच मिनिटांत उरकायचं हे काम नव्हे.

आता जरा सबुरीने घेऊ. वाडा आणि सेवउसळ यांची तुलना करून शीर्षकाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. सेवउसळ बडोद्यातला प्रत्येक जण खातो. तिच्यावर मत असायला अभ्यास लागत नाही. तरी किती तिखट असावी, शेव कुठली, पाव की नुसतीच, यावर घरातली पाच माणसं पाच बाजूंनी बोलतात. तांबेकर वाड्यात गेलेली माणसं मात्र, वाडा ज्या रावपुऱ्यात आहे तिथे राहणाऱ्यांतही कमीच सापडतील. टिपण लहान होतं, ते कदाचित रविवारी गेलं असेल, सोबत वाफाळत्या बशीचा फोटो असेल. यातला किती वाटा शीर्षकाचा, हे तुम्हाला कळणार नाही आणि मलाही नाही. शीर्षकाचा जोर बघायचा, तर मजकूर तोच ठेवून फक्त शीर्षक बदलावं लागतं.

असा एक प्रयोग शंभर वर्षांपूर्वी झाला, आणि तो मी नव्या मुलांना नेहमी सांगते. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात गिरार्ड नावाचं छोटं गाव आहे. तिथे इमॅन्युएल हाल्डेमन-ज्युलियस या प्रकाशकाने १९१९ पासून खिशात मावतील अशी छोटी पुस्तकं काढायला सुरुवात केली. किंमत पुढे पाच सेंटांवर आली. सगळी पुस्तकं एकाच किमतीची, एकाच रूपाची, आणि जाहिरात म्हणजे वर्तमानपत्राच्या पानभर नावांची नुसती यादी. चित्र नाही, परीक्षण नाही. गिऱ्हाइकाने यादीतलं नाव वाचायचं आणि खूण करायची. एखादं पुस्तक वर्षाला दहा हजारांच्या खाली खपलं, की त्याची रवानगी कचेरीतल्या एका विभागात व्हायची. त्या विभागाचं नावच ‘हॉस्पिटल’ होतं, आणि तिथला मुख्य उपचार म्हणजे नाव बदलणं. एका फ्रेंच कथेचं पुस्तक ‘सोनेरी लोकर’ अशा अर्थाच्या नावाने १९२५ मध्ये सहा हजार खपलं. ‘सोनेरी केसांच्या प्रेयसीचा शोध’ अशा अर्थाचं नाव लावल्यावर पुढच्या वर्षी तेच पुस्तक पन्नास हजार गेलं. आत एक अक्षर बदललं नव्हतं.

हा आकडा ऐकून लोक चमकतात आणि चुकीचा धडा घेतात, की स्त्री आणि प्रेम शीर्षकात घातलं की झालं. मला त्याच प्रकाशकाचं दुसरं उदाहरण जास्त महत्त्वाचं वाटतं. शोपेनहाउअर या जर्मन तत्त्वज्ञाचा वाद घालण्याच्या कलेवरचा निबंध त्याच्याकडे होता. ‘वादाची कला’ अशा नावाखाली तो पडून राहिला. ‘तर्कशुद्ध युक्तिवाद कसा करावा’ असं साधं नाव दिल्यावर तो खपू लागला. इथे कसलाही मसाला घातलेला नाही, उलट नाव आणखी साधं झालं. पण पहिल्या नावावरून पुस्तक कशाबद्दल आहे एवढंच कळत होतं. ते वाचून आपल्या हाती काय लागेल, हे दुसऱ्या नावावरून कळलं. तुमच्या कामाचं आहे ते हे.

आता तुमचं शीर्षक हातात घेऊ. ‘बडोद्याचा ऐतिहासिक वारसा (भाग ७) : तांबेकर वाडा – एक मागोवा’. फोनवर शीर्षकाच्या एक-दोन ओळी दिसतात, पुढचं कापलं जातं. तुमचे सातही लेख पहिल्या ओळीत अक्षरशः सारखे दिसतात. नजर डावीकडून सुरू होते आणि पहिल्या दोन-तीन शब्दांत निर्णय होतो. लोक संकेतस्थळं कशी वाचतात याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नीलसन यांनी २००९ मध्ये इंग्रजी दुव्यांची फक्त पहिली ११ अक्षरं लोकांना दाखवून पाहिलं, की पुढे काय असेल हे त्यांना ओळखता येतं का. ज्या दुव्यांची सुरुवात नेमक्या शब्दांनी होत होती, तेच ओळखता आले. तुमची पहिली अकरा अक्षरं सातही वेळा ‘बडोद्याचा ऐतिहासिक’ इथेच खर्च होतात. मालिकेचं नाव हवंच असेल, तर ते शेवटी टाका किंवा लेखाच्या आत पहिल्या ओळीखाली द्या. आणि ‘भाग ७’ हा आकडा नव्या वाचकाला सांगतो, की तुम्ही सहा भाग उशिरा आला आहात. तुमचे लेख एकमेकांवर अवलंबून नाहीत, मग हा अडसर कशाला?

मग ‘मागोवा’. या जातीचे शब्द मराठीत पुष्कळ आहेत: आढावा, धांडोळा, वेध, एक दृष्टिक्षेप, एक चिंतन. स्मरणिकांमधून आणि परिसंवादांच्या पत्रिकांमधून ते आपल्या अंगवळणी पडले आहेत. तिथे ते खपून जातात, कारण स्मरणिका आधीच हातात असते आणि परिसंवादाला माणूस येऊन बसलेलाच असतो. दिवाळी अंकाचंही तसंच. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचक विकत घेतलेला अंक निवांत चाळत आला आहे. तिथे लेखकाचं नाव ओळखीचं असतं, शेजारी रेखाटन असतं, त्यामुळे ‘भिंती बोलू लागतात तेव्हा’ असं काव्यमय नावही चालून जातं. फोनवरच्या यादीत शीर्षक एकटं पडतं. त्याच्या मदतीला कोणी नसतं. ‘एक मागोवा’ या शब्दांनी लेखाबद्दल नवं काही कळत नाही. कळतं ते एवढंच, की हे जरा जड असणार.

इथे बडोद्याची म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती पुण्यातल्या सल्लागाराला सुचणार नाही. आपल्याकडची दुसरी-तिसरी पिढी घरात अस्खलित मराठी बोलते, पण शिकली गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात. देवनागरी त्यांना येते ती हिंदीमुळे. मराठी वाचतात, पण थोडं अडखळत, आणि आपण अडखळतो याची त्यांना मनातून बोच असते. अशा माणसाला ‘ऐतिहासिक वारशाचा मागोवा’ दिसला, की तो लेख आपल्यासाठी नाही असं समजून पुढे जातो. विषय त्याला आवडला असता, हे त्याला कळतही नाही. त्याच्या आजीच्या तोंडी शोभेल असं वाक्य शीर्षकात दिसलं, की हे आपल्याला वाचता येईल असा धीर येतो. तुमच्या सेवउसळीच्या शीर्षकात ‘फरक नेमका कुठे?’ हे तीन शब्द अगदी बोलण्यातले आहेत. त्यांनी सेवउसळीइतकंच काम केलं असावं, असा माझा अंदाज आहे. बडोद्यातला मराठी वाचक टिकवायचा, तर शीर्षक बोलीच्या जवळ आणणं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. प्रमाण भाषा सोडा असं म्हणत नाही. लेखात ती येऊ द्या, फक्त शीर्षकात तिचं ओझं ठेवू नका.

मग वाड्याच्या लेखाला काय नाव द्यायचं? माझा अनुभव असा, की शीर्षक लेखातच कुठे तरी लिहिलेलं असतं, बहुधा चौथ्या-पाचव्या परिच्छेदात. सुरुवातीला आपण पार्श्वभूमी सांगत असतो आणि शेवटी आवरतं घेत असतो. ज्या गोष्टीसाठी लेख लिहावासा वाटला, ती मध्ये कुठे तरी बोलून गेलेलो असतो. तुमच्या लेखात ते वाक्य भित्तिचित्रांच्या परिच्छेदात आहे: एकाच घरात कृष्णाच्या कथा आहेत, महाभारत आहे आणि मराठे-इंग्रजांची लढाईही आहे. मी तिथेच थांबले. एकोणिसाव्या शतकात बडोद्याच्या एका दिवाणाच्या घरात राहणाऱ्या माणसांना रोज भिंतीवर हे तिन्ही दिसत होतं! म्हणून मी लिहीन: ‘एकाच घराच्या भिंतींवर कृष्ण, महाभारत आणि इंग्रजांशी लढाई : रावपुऱ्यातला तांबेकर वाडा’. लांब आहे, पण शेवट कापला गेला तरी सुरुवातीचा अर्धा भाग पुरेसा बोलतो. यात मी काहीही फुगवलेलं नाही. ‘भित्तिचित्रांचं रहस्य’ म्हटलं असतं तर मात्र फुगवलं असतं, कारण तुमच्या लेखात रहस्य नाही.

तुमच्या इतर लेखांपैकी ‘महाराजा सयाजीराव गायकवाड यांचे शैक्षणिक कार्य’ याचंही तसंच झालं आहे. असं शीर्षक पाहून वाचक मनात म्हणतो, ‘माहीत आहे, मोठं काम होतं.’ त्याच्या दृष्टीने लेख तिथेच वाचून झाला. पण तुम्ही आत लिहिलं आहे, की १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होई. मग शीर्षक द्या: ‘१९०६ : मुलाला शाळेत पाठवलं नाही, तर बडोद्यात बापाला दंड’. ब्रिटिश हिंदुस्थानात गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक १९११ मध्ये मांडलं आणि ते फेटाळलं गेलं, हे ज्याला माहीत आहे तो लगेच उघडेल. ज्याला माहीत नाही, त्यालाही दंड म्हणजे काय ते कळतं. ग्रंथालयांवरचा लेखही असाच. ‘बडोदे संस्थानातील ग्रंथालय चळवळ’ यापेक्षा ‘सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल का बोलावला?’ हे त्याच लेखाचं जास्त खरं नाव आहे, कारण तुमचा सगळा लेख विल्यम बॉर्डन हा ग्रंथपाल बडोद्याला येण्याभोवती आणि पेट्यांमधून गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकांभोवती फिरतो.

या सगळ्यांत एक फरक आहे. आधीच्या शीर्षकांत क्रियापद नाही. ‘कार्य’, ‘चळवळ’, ‘वारसा’ ही नुसती नावं आहेत, त्यांत काही घडत नाही. हे पाश्चात्त्य खूळ आहे असं कोणी म्हणालं, तर त्याला ‘केसरी’ दाखवा. १८९७ मध्ये टिळकांनी ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असा अग्रलेख लिहिला. १९०८ च्या ज्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, त्यातल्या एका लेखाचं शीर्षक ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ असं होतं. लेख आज फार थोड्यांनी वाचलेले असतील, शीर्षकं मात्र शाळेतल्या मुलांनाही माहीत आहेत. ‘दडपशाही : एक विवेचन’ असं त्यांना सहज लिहिता आलं असतं. ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या चार शब्दांत लेखकाची बाजू आहे, आणि बाजू दिसली की वाचकाला आपलीही बाजू ठरवावीशी वाटते. आपल्या भाषेत ही रीत किती जुनी आणि किती ताठ कण्याची आहे, याचा मला अभिमान वाटतो.

आता चटकदारपणाची भीती. उत्सुकता कशी जागी होते, यावर जॉर्ज लोवेनस्टाइन या अमेरिकी अभ्यासकांनी १९९४ मध्ये एक मांडणी केली. आपल्याला काय माहीत आहे आणि काय जाणून घ्यायचं आहे, यांतली फट जाणवली की माणूस अस्वस्थ होतो आणि ती भरायला धावतो. यातला एक धागा लोक विसरतात: फट जाणवायला आधी थोडं माहीत असावं लागतं. सेवउसळ आणि मिसळ दोन्ही खाल्लेल्या माणसालाच फरकाचा प्रश्न पडतो. ज्याला तांबेकर कोण हेच ठाऊक नाही, त्याच्या मनात ‘तांबेकर वाडा’ या शब्दांनी फट पडत नाही, तिथे नुसता कोरेपणा असतो. म्हणून अनोळखी विषयाला ओळखीच्या गोष्टीचा आधार द्यावा लागतो. वरच्या शीर्षकात कृष्ण, महाभारत आणि इंग्रज हे काम करतात.

‘हे वाचून तुम्ही थक्क व्हाल’, ‘पुढे जे घडलं ते…’ ही शीर्षकं फट पाडतात, पण वाचकाकडे असलेलं काहीच वापरत नाहीत, आणि बहुतेकदा आत भरायलाही काही नसतं. २०१२ नंतर अशा शीर्षकांची लाट आली. फेसबुकने २०१४ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये अशा दुव्यांना मागे सारणारे बदल केले, कारण लोक उघडून लगेच परत येत होते. त्याच काळातल्या अपवर्दी या अमेरिकी संकेतस्थळाच्या शीर्षक-चाचण्यांची (एकाच मजकुराला वेगवेगळी शीर्षकं लावून बघण्याची) माहिती नंतर संशोधकांना खुली झाली. २०२३ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’मध्ये तिच्यावरचा अभ्यास आला. एक लाखाहून जास्त शीर्षकं तपासल्यावर दिसलं, की सरासरी लांबीच्या शीर्षकात एक नकारात्मक शब्द वाढला, की उघडण्याचं प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढतं. हे वाचून कोणी म्हणेल, मग शीर्षकात ‘भयंकर’, ‘विनाश’ घालू या. माझ्या मते तुम्ही घालू नये. तो निष्कर्ष अमेरिकी बातम्यांचा आहे आणि परिणाम लहान आहे. शिवाय तुमची परिस्थिती अगदी वेगळी आहे. त्या संकेतस्थळाला रोज नवी माणसं मिळत होती. बडोद्यातला मराठी वाचक म्हणजे तीच ती माणसं. गणपतीत, लग्नात, हळदीकुंकवाला भेटणारी. त्यातल्या एका बाईला तुम्ही एकदा फसवलंत, की ती दुसऱ्यांदा उघडणार नाही आणि चार जणींना सांगेल. लहान समाजासाठी लिहिणाऱ्याला विश्वास गमावणं परवडतच नाही.

म्हणून मी एक कसोटी लावते. शीर्षक वाचून आलेल्या माणसाला पहिल्या तीन परिच्छेदांत ती गोष्ट भेटते का? ‘बापाला दंड’ म्हणून बोलावलं आणि दंडाचा उल्लेख शेवटून दुसऱ्या परिच्छेदात केला, तर शीर्षक खरं असूनही वाचक चिडतो. अशा वेळी मी बहुतेकदा शीर्षकाला हात लावत नाही, लेखाची सुरुवात बदलते. शीर्षक शोधताना लेखाची घडण सुधारते, हा या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे.

बऱ्याच गोष्टी वाचक कुठून येतो यावर ठरतात, त्यावर सरसकट नियम देता येत नाही. शोधातून येणारा माणूस प्रश्न घेऊन येतो. त्याला शीर्षकात विशेषनाम हवं: तांबेकर वाडा, लक्ष्मी विलास पॅलेस, कीर्ती मंदिर. तो ‘बडोदा’ लिहील, ‘बडोदे’ लिहील किंवा नकाशात असतं म्हणून ‘वडोदरा’ लिहील. १९७४ पासून अधिकृत नाव तेच आहे. शीर्षकात आपल्या तोंडचं नाव ठेवा आणि दुसरं पहिल्या दोन वाक्यांत येऊ द्या. गूगल कधी कधी शीर्षक आपल्या मनाने बदलूनही दाखवतं. लेखातलं ठळक शीर्षक आणि पानाचं शीर्षक (ब्राउझरच्या टॅबवर दिसतं ते) एकच ठेवलं, तर ती शक्यता कमी होते. व्हॉट्सॲपवरून येणारा माणूस प्रश्न घेऊन येत नाही, तो मावशीने पाठवलं म्हणून बघतो. त्याच्यासाठी वाक्य लागतं. बडोद्यातल्या वाचकाला ‘रावपुरा’ म्हटलं की पुरे, ‘बडोद्यातील’ म्हणण्याची गरज नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाला रावपुरा कळणार नाही, त्याला ‘बडोदा’ हवंच. तुम्ही नक्की कोणासाठी लिहिता, हे तुम्हीच ठरवायचं आहे. माझं मत विचाराल, तर आधी बडोद्याच्या माणसासाठी लिहा, कारण त्याच्यासाठी हे कोणी लिहीत नाही.

एक बारीक पण त्रासदायक गोष्ट. काही ठिकाणी शीर्षक आपोआप लेखाच्या वेबवरच्या पत्त्यातही (URL) जातं. देवनागरी पत्ता कॉपी केला, की एकेका अक्षराची, काना-मात्रेचीसुद्धा, नऊ-नऊ चिन्हं होतात. नुसत्या ‘ब’चं टक्क्यांच्या खुणा असलेलं एक शेपूट तयार होतं. सात-आठ शब्दांचं शीर्षक असेल, तर निरोपात कित्येक ओळींचं अगम्य जंजाळ दिसतं, आणि आजकाल फसवणुकीच्या इतक्या गोष्टी कानावर येतात की वडीलधारी माणसं असा दुवा उघडायला घाबरतात. पत्ता रोमन लिपीत, दोन-तीन शब्दांचा, स्वतः टाइप करा. शीर्षक मात्र देवनागरीतच राहू द्या.

शीर्षक बदलून काही फरक पडतो का, हे बघायचं असेल, तर एकच लेख दोन ग्रुपांवर दोन शीर्षकांनी पाठवा. पुढच्या लेखाला अदलाबदल करा, म्हणजे एखादा ग्रुप मुळातच जास्त वाचणारा असेल तर ते लक्षात येईल. पण तुमच्या पातळीवरचे आकडे लहान आहेत. एका शीर्षकाला वीस आणि दुसऱ्याला सव्वीस जण आले, तर त्यातून काहीही ठरवू नका. तो फरक कोण कधी फोन हातात घेतो याचाही असू शकतो. मी अशा वेळी आकड्यांपेक्षा एका साध्या चाचणीवर जास्त विसंबते. लेख वाचलेल्या एखाद्या माणसाला विचारायचं, ‘घरी गेल्यावर कोणाला सांगायचं झालं, तर काय सांगाल?’ तो जे वाक्य बोलतो, ते माझ्या पहिल्या तीन शीर्षकांपेक्षा बहुधा सरस असतं. तुमच्या घरात किंवा शेजारी गुजराती माध्यमात शिकलेलं कोणी असेल, तर त्यालाच विचारा.

हे सगळं करूनही वाड्याचा लेख सेवउसळीइतका वाचला जाईल का? मला वाटतं, नाही. शीर्षक नसलेली आवड निर्माण करू शकत नाही. भित्तिचित्रांत रस असणारी माणसं सेवउसळ खाणाऱ्यांपेक्षा नेहमीच कमी असणार, आणि त्यात लेखाचा कमीपणा नाही. माझी तळमळ वेगळ्या माणसांसाठी आहे: ज्यांना हा लेख मनापासून आवडला असता, जे कदाचित मुलांना घेऊन वाडा बघायला गेले असते, आणि जे ‘ऐतिहासिक वारसा (भाग ७)’ वाचून पुढे सरकले. ती माणसं आपल्याच गावात आहेत, आणि शीर्षकातले चार शब्द बदलून त्यांच्यापर्यंत पोहोचता येतं.

नवा लेख घेण्याआधी जुन्या सातांची शीर्षकं बदलून टाका. प्रत्येक लेखासाठी निदान सहा-सात शीर्षकं कागदावर लिहा. पहिली दोन-तीन सवयीची येतात, ती सरळ खोडा. लेखाचे पत्ते आहेत तसेच ठेवा, नाही तर आधी पाठवलेले दुवे उघडणार नाहीत. आणि सातही एकदम पाठवू नका. गणपतीच्या आधी सयाजीरावांच्या शाळांचा, मग थोड्या दिवसांनी वाड्याचा, असं एकेक करून जाऊ द्या.